माथेरान, मागच्या दाराने

[दृश्य: भाताची कापलेली शेतं, मागे डोंगराची भिंत]

माथेरानला जायचं म्हटलं की आधी नेरळ आठवतं. लोकलमधून उतरायचं, टॅक्सीसाठी घासाघीस करायची, गाड्या जिथे थांबतात त्या दस्तुरी नाक्याला घोडेवाल्यांच्या गराड्यातून वाट काढायची. आज नेरळ सगळ्यात शेवटी. आज आपण डोंगराच्या दुसऱ्या अंगाला आहोत, खालापूर तालुक्यात, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरच्या चौक गावाजवळ. इथून रिक्षाने आंबेवाडीपर्यंत जाता येतं. पुढे रस्ता नाही, वाट आहे.

आम्ही पाच जण. कॉलेजपासूनचे मित्र. कधीकाळी उड्या मारत गड चढणारे, आता पहिल्या मजल्यावर जायलाही लिफ्टची वाट बघणारे. नोव्हेंबरची सकाळ आहे, हवेत गारवा आहे, त्यामुळे सगळेच जोशात. हा जोश पहिल्या चढापर्यंत टिकतो.

माथेरानचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटर. पायथा अगदीच खाली, त्यामुळे जवळपास सातशे मीटरची चढाई एका दमात अंगावर येते. नेरळच्या बाजूने गाडी वळणं घेत हीच उंची गाठते, तेव्हा ती जाणवतही नाही. पायी आलं की प्रत्येक मीटरचा हिशोब पोटऱ्या ठेवतात.

[दृश्य: रानातली वाट, वाळलेलं गवत]

याच बाजूने 1850 च्या मे महिन्यात ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट वर गेला होता. चौकला त्याचा तळ पडला होता. संध्याकाळी फिरता फिरता तो अर्धा डोंगर चढला, आणि दुसऱ्या दिवशी गावच्या पाटलाला सोबत घेऊन, थोडंसं पाणी बरोबर ठेवून थेट माथ्यावर पोचला. वन ट्री हिल या टोकाच्या घळीतून चढला, रामबाग पॉइंटच्या बाजूने उतरला. पुढे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टनने लक्ष घातलं आणि थंड हवेचं ठिकाण उभं राहिलं. पुस्तकांत लिहितात, मॅलेटने माथेरानचा शोध लावला. आता ज्याला रस्ता दाखवायला पाटील लागतो, त्याने कसला शोध लावला, हा प्रश्न आमच्यातल्या एकाने विचारला आणि पुढचा अर्धा तास आम्हाला तेवढा विषय पुरला. दम लागलेला असताना वाद घालणं सोपं नसतं, तरी घातला.

पाटलाचं नाव मात्र आमच्यापैकी कुणाच्याच वाचनात नव्हतं.

वाट आता रानात शिरते. आणि आपल्याला एव्हाना कळून चुकतं की ही ट्रेकवाल्यांसाठी आखलेली वाट नाही. ती रोजच्या वापरातली आहे. कड्याखालच्या वाड्यांमधले ठाकर, कातकरी इथून माथेरानला कामाला जातात. कुणी हॉटेलात, कुणी बांधकामावर, कुणी भाजी विकायला. सकाळी वर, संध्याकाळी खाली.

[दृश्य: डोक्यावर पाटी घेतलेली बाई, पाठमोरी]

मागून एक मावशी आल्या. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर भाजीची पाटी, पाटीवर केळीचं पान. पायात साधी स्लीपर. आम्ही बाजूला सरकून वाट दिली. म्हणजे खरं तर थांबायला कारण मिळालं.

“मावशी, अजून किती?”

“हे काय, आलंच की, दादा.”

सह्याद्रीत “आलंच” म्हणजे किमान तासभर, हे भटकणाऱ्याला सांगावं लागत नाही. त्या पुढे गेल्या. त्यांची चाल बघण्यासारखी आहे. पाऊल आखूड, पण एकही पाऊल थांबत नाही. मान सरळ, हात मोकळे. चढ तीव्र झाला की त्या पाऊल आणखी आखूड करतात, वेग तोच. आम्ही मात्र लांब टांगा टाकायचो, मग दगडावर बसायचो, मग पाणी प्यायचो. अर्ध्या तासात त्या दिसेनाशा झाल्या.

[दृश्य: घळीतले कातळ, जवळून]

आता घळ. दोन्ही बाजूंना काळा कातळ आणि मधून वर जाणारी दगडधोंड्यांची चिंचोळी वाट. हिला शिवाजी लॅडर म्हणतात. महाराज शिकारीला या वाटेने येत, अशी आख्यायिका आहे. इथे दगडाकडे जरा नीट बघा. जिथे जिथे पाऊल ठेवायला जागा आहे, तिथे कातळ गुळगुळीत झालाय, बाजूचा तसाच खरबरीत. हात कुठे टेकायचा, तेही दगडच सांगतो: धरून धरून तिथे तेलकट काळा डाग पडलाय. त्या खुणांच्या मागे मागे गेलं की चुकायला होत नाही. आमच्यातल्या एकाने आपली स्वतंत्र वाट काढायचा प्रयत्न केला. त्याला परत खाली उतरवण्यात बराच वेळ गेला, आणि त्यावरून त्याची थट्टा करण्यात त्याहून जास्त.

मागे वळलं की मोरबे धरणाचं पाणी पसरलेलं दिसतं. नवी मुंबईच्या नळांना येतं ते हे. पलीकडे इरसाळगडाचा सुळका. त्याच्याच उतारावर इरसाळवाडी होती. 19 जुलै 2023 च्या रात्री डोंगर खचला आणि झोपलेली वाडी मातीखाली गेली. 27 मृतदेह सापडले, बाकीच्यांचा शोध थांबवावा लागला. वाचलेल्यांना आता चौकजवळ घरं मिळाली आहेत. इथे उभं राहून तो उतार बघताना आमच्यात कुणी काही बोललं नाही. कॅमेराही आम्ही फार वेळ तिकडे धरला नाही.

[दृश्य: पायाखालची माती, आधी काळी, मग लाल]

माथा जवळ आला की आधी मातीचा रंग बदलतो. इतका वेळ पायाखाली काळा बेसॉल्ट होता, आता लाल जांभा. मूळ खडक हा बेसॉल्टच. लाखो वर्षांच्या पावसाने त्यातली सिलिका धुऊन नेली, लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे राहिली, त्यातून हा सच्छिद्र, गंजलेल्या रंगाचा दगड तयार झाला. जांभा पाणी पितो, खालचा कातळ ते अडवतो. म्हणून अशा डोंगरांवर माथ्यालगत झरे सापडतात आणि वर एवढी गर्द झाडी टिकते. त्याच मातीची लाल धूळ पुढे दिवसभर बुटांत, मोज्यांत आणि एकाच्या पांढऱ्या टी-शर्टवर. माथेरानला पांढरं घालून कोण येतं?

वन ट्री हिलवरून गावाकडे निघालो की सावलीच सावली. शेकरू दिसली तर नशीब. माकडं नशिबावर सोडत नाहीत, ती पिशवी हिसकावतात.

[दृश्य: माथेरान बाजारपेठ]

गावात शिरल्यावर पहिल्यांदा कानांना फरक पडतो. हॉर्न नाही. 2003 मध्ये केंद्र सरकारने माथेरान आणि भोवतालचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. गाड्यांना बंदी त्याच्याही आधीपासूनची. पर्यटकाला हे फार आवडतं, आम्हालाही आवडलं. पण गाडी नाही म्हणजे वजन नाहीसं होत नाही. गॅसचा सिलिंडर, सिमेंटची गोणी, हॉटेलातली गादी, हे सगळं कुणीतरी नाहीतर कुठल्यातरी घोड्याने दस्तुरीपासून वाहून आणलेलं असतं. इथल्या हातरिक्षेत एक जण पुढून ओढतो, चढाला मागून ढकलायला आणखी माणसं लागतात. डिसेंबर 2022 मध्ये ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाल्या, तेव्हा वाद झाला. घोडेवाल्यांचं पोट, गावाची शांतता, शाळेत चालत जाणारी मुलं, आजारी म्हातारी माणसं, सगळेच मुद्दे खरे. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं आणि ओढणाऱ्यांच्या पुनर्वसनासाठी ई-रिक्षांची योजना आखायला सांगितली. आमचं मत विचाराल, तर माणसाने माणसाला ओढण्याच्या बाजूने बोलायला निसर्गप्रेम हे कारण पुरेसं नाही.

जेवण झाल्यावर हुतात्मा भाई कोतवालांच्या स्मारकापाशी थांबलो. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, जन्म माथेरानचाच, 1 डिसेंबर 1912. वकील झाले. सावकारी पाशातल्या शेतकऱ्यांसाठी त्यांनी धान्यकोठारं सुरू केली. 1942 च्या लढ्यात त्यांच्या आझाद दस्ता या भूमिगत गटाने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. 2 जानेवारी 1943 ला सिद्धगडच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात ते आणि हिराजी पाटील मारले गेले. पॉइंटांची नावं अजून लुईझा, अलेक्झांडर, पॅनोरमा. चिक्की घेणाऱ्या गर्दीतून या स्मारकाकडे वळणारे मोजकेच.

[दृश्य: मिनी ट्रेन, अमन लॉज]

परतताना मात्र गाडी. मुंबईचे उद्योगपती आदमजी पीरभॉय यांच्या पैशाने आणि त्यांचा मुलगा अब्दुल हुसेन यांच्या चिकाटीने 1907 मध्ये ही रेल्वे सुरू झाली. खर्च 16 लाख, रुळांमधलं अंतर फक्त दोन फूट. नेरळपासून 20 किलोमीटरच्या आसपास वळणं घेत ती वर येते. पावसाने तिचे रूळ वाहून नेले, रेल्वेने पुन्हा टाकले, असं 2005 मध्ये झालं, 2019 मध्येही झालं. आम्ही माथेरान ते अमन लॉज एवढ्याच टप्प्याची शटल पकडली, तीही उभ्याने. पुढे दस्तुरीवरून टॅक्सी, नेरळ, लोकल.

या वाटेने जायचं असेल तर सकाळी सातच्या आत चढायला लागा. माणशी तीन लिटर पाणी घ्या, मॅलेटसारखं थोडंसं नको. भर पावसात घळीत शिरू नका, वरून दगड येतात. वाट ठाऊक नसेल तर वाडीतलं कुणीतरी सोबत घ्या आणि त्यांच्या दिवसाच्या मजुरीत घासाघीस करू नका. ती नेरळला टॅक्सीवाल्याशी करा.