भोपळ्याची मसाला कॉफी: आधी पाक, मग कॉफी

दालचिनी, सुंठ, जायफळ, लवंग. हा वास आला की अनेकांना तो भोपळ्याचाच वाटतो. खरं तर लाल भोपळ्याचा स्वतःचा वास अगदी मंद असतो. अमेरिकेत भोपळ्याच्या ‘पाय’मध्ये, म्हणजे सारण भरून भाजलेल्या गोड पदार्थात, हे मसाले पडतात, आणि मॅककॉर्मिक कंपनीने १९३४ साली त्यांचं तयार मिश्रण बाजारात आणलं. स्टारबक्सने २००३ मध्ये ‘पंपकिन स्पाइस लाटे’ सुरू केली तेव्हा तिच्यात भोपळा नव्हताच. तो पडला २०१५ मध्ये.

मग घरी करताना भोपळा कशाला? रंगासाठी, दाटपणासाठी, आणि लवंग-सुंठीचा झणका जरा सौम्य व्हावा म्हणून. फक्त तो स्वतःबरोबर पाणी घेऊन येता कामा नये. घरची कॉफी पाणचट होते ती बहुतेक वेळा इथेच.

म्हणून भोपळा उकडायचा नाही, भाजायचा. साधारण ५०० ग्रॅमची फोड घ्या. बिया आणि धागे खरवडून काढा, साल राहू द्या. कापलेली बाजू खाली ठेवून २०० अंश सेल्सिअसला ४० ते ५० मिनिटं भाजा. सुरीचं टोक कुठेही अडकलं नाही की झालं. ओव्हन नसेल तर तुकडे १५ ते २० मिनिटं वाफवा, पण मग गर जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर परतून कोरडा करावाच लागतो. डब्यातला तयार गर चालतो. त्याच्या घटकांत भोपळ्याखेरीज काही नाही ना, एवढं पाहून घ्या. पायसाठीच्या तयार सारणात साखर आणि मसाले आधीच असतात.

आता हा गर जवळून पाहा. मिक्सरमधून गुळगुळीत फिरवलेला एक चमचा गर ताटलीत ठेवला आहे. दोन मिनिटांत त्याच्या कडेने पाण्याची रेघ सुटली. म्हणजे हा अजून तयार नाही. स्वच्छ मलमलच्या कापडात बांधून तासभर टांगून ठेवला की ही रेघ दिसत नाही, आणि चमचा उलटा केला तरी गर चटकन पडत नाही. आपल्याला लागणार फक्त ६० ग्रॅम, म्हणजे चार मोठे चमचे. उरलेला गर बर्फाच्या साच्यात भरून फ्रीझरमध्ये ठेवा, दोन-तीन महिने टिकतो.

आता पाक. २४० मिली पाणी आणि २०० ग्रॅम साखर. ब्राउन शुगर असेल तर चव जास्त खोल येते. गूळ मात्र टाळा. त्यातल्या आम्लतेमुळे गरम दूध फुटू शकतं. साखर विरघळली की बोटभर लांबीच्या दोन दालचिनीच्या काड्या, पाच लवंगा, एक छोटा चमचा सुंठ आणि भोपळ्याचा गर घाला. दालचिनी अख्खीच हवी. तिची पूड पाण्यात विरघळत नाही, फुगते आणि पाक बुळबुळीत करते. लवंगांच्या बाबतीत हात आखडताच ठेवा. पाचाच्या आठ झाल्या तर बाकी सगळे मसाले मागे पडतात आणि जिभेवर बधिरपणा राहतो.

मंद आचेवर १२ ते १५ मिनिटं, अधूनमधून ढवळत. तार येऊ द्यायची नाही, पाक चमच्याच्या पाठीवर पातळ थर धरेल इतपतच. गॅस बंद केल्यावर पाव जायफळ किसून घाला. जायफळाचा सुगंध उडून जाणारा, तो उकळीत वाया घालवू नये. दहा मिनिटं झाकून ठेवा, मग बारीक गाळणीवर मलमल घालून गाळा. गाळायचा कंटाळा केला तर भोपळ्याचे तंतू आणि सुंठ कपाच्या तळाशी चिखलासारखी बसतात. साधारण ३०० मिली पाक मिळतो. बाटली फ्रीजमध्ये ठेवून आठवड्यात संपवा. भोपळ्यामुळे तो साध्या साखरेच्या पाकाइतका टिकत नाही. थोडा साका खाली बसतो, म्हणून दर वेळी बाटली हलवून घ्या.

कॉफी कडकच हवी, कारण तिला मसाला, साखर आणि दूध या तिघांसमोर टिकायचं आहे. एस्प्रेसोचं यंत्र असेल तर १८ ग्रॅम पुडीतून ३६ ग्रॅम कॉफी, २५ ते ३० सेकंदांत. नसेल तर मोका पॉटची (गॅसवर ठेवायच्या कॉफीच्या भांड्याची) ६० मिली कॉफी उत्तम. इन्स्टंट कॉफी असेल तर दोन छोटे चमचे ६० मिली गरम पाण्यात. कमी भाजलेल्या बियांची कॉफी आंबटसर असते. या पेयात ती टोचते, आणि दूध शिळं असेल तर ते फुटायलाही तेवढं कारण पुरतं.

दूध १८० मिली, सायीचं. ६० ते ६५ अंशांपर्यंत तापवा. भांड्याला हात जेमतेम सेकंदभर लावता येतो, तो हा टप्पा. ७० अंशांच्या पुढे गेलं की उकळल्याचा वास येतो आणि फेस लवकर बसतो. फेस करायला फ्रेंच प्रेस (दांड्याला जाळी असलेलं कॉफीचं भांडं) एक तृतीयांश भरा आणि दांडा २० ते २५ वेळा वरखाली करा. मग भांडं ओट्यावर हलकेच आपटून मोठे बुडबुडे फोडा.

आल्याबद्दल एक सावधगिरी. कच्च्या आल्यात दुधातलं प्रथिन तोडणारं विकर असतं, त्यामुळे ते कोमट दुधात किसलं तर दूध नासू शकतं. पाकात नीट उकळलेलं आलं चालतं, सुंठ अधिक खात्रीची.

कप गरम पाण्याने विसळा. आधी २५ ते ३० मिली पाक, त्यावर गरम कॉफी, आणि इथेच नीट ढवळा. मग दूध बारीक धारेने, शेवटी फेस. वरून चिमूटभर जायफळ. फेटलेलं क्रीम ऐच्छिक, पण ते घालणार असाल तर पाक २० मिलीवर आणा.

थंड हवी असेल तरी पाक गरम कॉफीतच विरघळवा, मग बर्फ, मग थंड दूध. थंड दुधात पाक थेट ओतला तर तो तळाशी जाऊन बसतो आणि शेवटचा घोट नुसता साखरेचा लागतो.