गेलेल्याच्या घरी

श्रोतेहो, नमस्कार.

आयर्लंडच्या खेड्यात सकाळी रेडिओवर बातम्या संपतात आणि निवेदक परिसरात कोण कोण वारलं त्यांची नावं वाचू लागतो. नाव, गाव, पार्थिव घरी कधीपासून, चर्चमधली प्रार्थना किती वाजता. तिथल्या कित्येक स्थानिक केंद्रांवर हे रोजचं आहे. रेडिओचा इतका जिव्हाळ्याचा उपयोग मला दुसरा सुचत नाही.

नाव कळलं की गाव निघतं. पार्थिव घरीच ठेवून रात्र जागवायची, याला तिथे 'वेक' म्हणतात. पूर्वी माणूस गेला की घड्याळ थांबवत, आरसे झाकत, आत्म्याला वाट मिळावी म्हणून खिडकी उघडत. आलेल्याच्या हाती मातीची चिलीम देत. म्हातारं माणूस पिकलं पान होऊन गेलं असेल, तर गोष्टी रंगत, खेळही चालत. धर्मगुरूंना ते खपत नसे, तरी लोक ऐकत नसत. 1937 ते 1939 या काळात आयरिश लोकसाहित्य आयोगाने शाळकरी मुलांकडून अशा आठवणी लिहून घेतल्या. सुमारे 50,000 मुलांनी घरच्या-शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारून वह्या भरल्या.

चिलमी आता गेल्या, चहा आणि सँडविच आले. येणारा घरच्या एकेकाचा हात हातात घेतो आणि म्हणतो, "सॉरी फॉर युअर ट्रबल." सगळे हेच म्हणतात. आपण 'फार वाईट झालं' म्हणतो, तसंच. त्या क्षणी वेगळे शब्द कुठून आणायचे?

मला सगळ्यात भावतं ते गोठ्यातलं. घरात कुणी गेलं म्हणून गाई थांबत नाहीत. मग शेजारी येऊन दूध काढून जातात, कुणी सांगावं लागत नाही. पुष्कळ गावांत कबरही शेजारीच खणतात. याच्या मुळाशी 'मेहल' ही जुनी रीत आहे, म्हणजे आपली इर्जिकच. कापणी असो की दलदलीतून जळणासाठी पीट कापणं असो, आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. मजुरी नाही, जेवण. यंत्रं आली तशी शेतातली मेहल ओसरली. गेलेल्याच्या घरी मात्र ती अजून दिसते.

2020 साली कोरोनामुळे वेक बंद झाले, चर्चमध्ये मोजकेच नातेवाईक. तेव्हा गावकरी रस्त्याच्या दोन्ही कडांना, अंतर राखून, आपापल्या फाटकाशी उभे राहिले. शववाहिका हळूहळू त्यांच्यामधून गेली.