दंडाची यादी आणि रापणीचा दोर

नमस्कार, श्रोतेहो.

२०१९ साली लंडनच्या चेल्सी क्लबातला एक कागद बाहेर फुटला. प्रशिक्षक फ्रँक लॅम्पार्ड यांच्या काळातली ती दंडाची यादी होती. सरावाला उशीर झाला तर २० हजार पौंड. संघाच्या बैठकीला उशीर, तर दर मिनिटाला ५०० पौंड. जेवताना किंवा बैठकीत फोन वाजला की एक हजार. आणि दंड १४ दिवसांत भरला नाही तर दुप्पट. आकडे वाचून जगभर लोकांनी तोंडात बोटं घातली, आणि व्यावसायिक संघाची शिस्त म्हणजे हीच, असा अनेकांचा समज झाला.

पण ती यादी नीट वाचा. चेल्सी कसा खेळतो, हे तिच्यावरून ओळखता येतं का? नाही. तीच यादी दुसऱ्या कुठल्याही क्लबाच्या भिंतीवर लावली असती तरी चालली असती. आजचं बोलणं नेमकं याच जागेवर आहे. संघाची शिस्त त्याच्या खेळाच्या पद्धतीतून निघाली असेल तर टिकते. नुसती वरून चिकटवलेली असेल, तर दोन पराभवांत गळून पडते.

आपल्याकडे, म्हणजे सिंधुदुर्ग-रत्नागिरीत, क्रिकेट आणि कबड्डीपुढे फुटबॉल मागे आहे, हे खरं. पण खाली गोवा आहे, घाट चढला की कोल्हापूर आहे, जिथं फुटबॉल संघांची नावंसुद्धा तालमींची असतात. कोकण रेल्वेनं मडगावला उतरून फातोर्ड्याला सामना बघायला जाणारे तुमच्यातही असतील. त्यांनी पुढच्या वेळी चेंडूकडे कमी आणि चेंडू नसलेल्या दहा जणांकडे जास्त बघावं. संघाची संस्कृती तिथं दिसते.

अरिगो साक्की १९८७मध्ये इटलीच्या एसी मिलानचे प्रशिक्षक झाले. स्वतः कधी व्यावसायिक फुटबॉल न खेळलेला माणूस. त्यांचं म्हणणं एका आकड्यात मावत होतं: शेवटच्या बचावपटूपासून पुढच्या आघाडीवीरापर्यंतचं अंतर साधारण २५ मीटर. संपूर्ण संघ तेवढ्या पट्ट्यात, चेंडू कुठंही असो. म्हणजे एक पुढे सरकला की दहा जणांनी सरकायचं. हे अंगात मुरवण्यासाठी ते चेंडूशिवाय सराव घ्यायचे. चेंडू अमुक ठिकाणी आहे असं सांगायचे आणि अकरा जणांनी त्याप्रमाणे जागा घ्यायच्या, पुन्हा पुन्हा. रूड गुलिट आणि मार्को फान बास्टन यांच्यासारख्या खेळाडूंना हे कशाला, असा प्रश्न पडलाच. तेव्हा साक्कींनी पैज लावली: गोलकीपर आणि चार बचावपटू अशा पाच जणांविरुद्ध गुलिट-बास्टन यांनी दहा जण घेऊन १५ मिनिटांत गोल करून दाखवावा. अट एकच. चेंडू हिसकावला गेला की पुन्हा लांबून सुरुवात करायची. साक्की स्वतः सांगतात, एकही गोल झाला नाही. त्या मिलाननं १९८९ आणि १९९० असा लागोपाठ दोनदा युरोपियन कप जिंकला.

हे आपल्या किनाऱ्यावर समजावून सांगणं सोपं आहे. रापण ओढताना दोन्ही बाजूंचे दोर सारख्या गतीनं यावे लागतात. एका बाजूनं घाई केली किंवा चौघांनी हात सैल सोडले, की जाळं तिरकं होतं आणि मासळी मोकळ्या बाजूनं निघून जाते. फुटबॉलमध्ये चेंडूवाल्याला घेरताना, ज्याला प्रेसिंग म्हणतात, तेच होतं. नऊ जण धावले आणि दहावा चालत राहिला, तर नऊ जणांची धाव वाया जाते. वरून त्या मोकळ्या जागेतून एका पासमध्ये आख्खी मधली फळी मागे पडते. म्हणून अशा संघात आळस हा एकट्याचा दोष राहत नाही.

आता इथून नियम कसा निघतो, ते पाहा. चेंडू गेल्यापासून पहिल्या पाच सेकंदांत तो परत मिळवायचा, ही पेप ग्वार्दिओला यांच्या बार्सिलोनाची ओळख. हे ९० मिनिटं करायचं तर वजन हवं तेवढंच हवं, झोप पुरी हवी, सराव वेळेवर सुरू व्हायला हवा. पुढं मँचेस्टर सिटीत ग्वार्दिओलांनी वजन जास्त असलेल्या खेळाडूंना मुख्य संघाबरोबर सरावाला घेतलं नाही, पिझ्झासारखे पदार्थ बंद केले. खेळाडूनं का विचारलं तर उत्तर मैदानात दाखवता येतं. गंमत म्हणजे २०१५मध्ये लेस्टर सिटीचे क्लॉडिओ रानिएरी यांनी खेळाडूंना उलटंच सांगितलं: एक सामना गोल न खाता संपवा, पिझ्झा माझ्याकडून. क्रिस्टल पॅलेसविरुद्ध ते जमलं, आणि खेळाडूंना तो पिझ्झा स्वतः बनवायला लावला. त्या मोसमात लेस्टर इंग्लंडचा विजेता झाला. एकाकडे जे बंद, ते दुसऱ्याकडे बक्षीस. लेस्टर मागे थांबून वेगानं प्रतिहल्ला करणारा संघ होता, आणि गोल न खाणं हा त्याच्या खेळाचा पाया होता. बक्षीस नेमकं त्या पायावर ठेवलं होतं.

यासाठी परदेशातच जायला हवं असं नाही. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम हे पेशानं शिक्षक. त्यांच्या हाताखाली भारतानं १९५१ आणि १९६२च्या आशियाई खेळांत सुवर्णपदक मिळवलं आणि १९५६च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये चौथा क्रमांक. आपल्या खेळाडूंना ड्रिबलिंगचा, म्हणजे चेंडू पायातच खेळवत पुढं नेण्याचा, फार सोस. चेंडू पायात आला की सोडवत नसे. रहीम यांनी त्यावर भाषणं दिली नाहीत. त्यांनी ड्रिबलिंगला बंदी असलेल्या स्पर्धा भरवल्या, फक्त कमकुवत पायानं खेळायच्या स्पर्धा भरवल्या. सवय मोडायची तर खेळाचा नियमच बदलायचा. आजही गावातल्या प्रशिक्षकाला हे फुकटात करता येतं: अर्ध्या मैदानात सहा विरुद्ध सहा, चेंडूला दोनच स्पर्श, तिसरा स्पर्श झाला की चेंडू समोरच्यांचा. ओरडावं लागत नाही.

व्यावसायिक संघाची खरी शिस्त आठवड्याच्या वेळापत्रकात असते, आणि तिच्याबद्दल बाहेर फार कमी बोललं जातं. समजा सामना रविवारी आहे. सोमवारी जे पूर्ण वेळ खेळले त्यांना हलकं काम: २०-२५ मिनिटं सायकल, पोहणं, मालिश. जे बाकावर बसले किंवा थोडाच वेळ खेळले, त्यांना त्याच दिवशी कडक सराव, नाहीतर महिन्याभरात ते मागे पडतात आणि गरज पडेल तेव्हा ६०व्या मिनिटाला दमतात. मंगळवारी सुट्टी. बुधवारी छोटं मैदान, चार विरुद्ध चार, तीन-चार मिनिटांचे डाव, थांबणं-वळणं-धडकणं, म्हणजे ताकदीचं काम. गुरुवारी मोठं मैदान, अकरा विरुद्ध अकरा, लांब धावा, पूर्ण वेग. शुक्रवारी भार कमी आणि समोरच्या संघाची तयारी. शनिवारी ४५ ते ६० मिनिटं, कॉर्नर आणि फ्री-किक, बस्स.

आता यात बिघाड कुठं होतो? रविवारी तीन-शून्यनं हरल्यावर. प्रशिक्षक चिडलेले असतात, आणि सोमवारी सकाळी मैदानाला वीस फेऱ्या. बघणाऱ्याला ही शिस्त वाटते. प्रत्यक्षात सामन्यानंतर स्नायू सावरायला ४८ ते ७२ तास लागतात. त्या वेळात शिक्षेची धाव दिली की गुरुवारच्या वेगाच्या सरावात मांडीमागचा स्नायू, म्हणजे हॅमस्ट्रिंग, जाऊ शकतो आणि चांगला विंगर, म्हणजे कडेनं धावणारा खेळाडू, काही आठवडे बाहेर बसतो. माझ्या मते शिक्षेची धाव हा बेशिस्तीचाच प्रकार आहे, फक्त ती बेशिस्त प्रशिक्षकाची. शिवाय खेळाडू एक भलतंच शिकतो: धावणं ही शिक्षा आहे. मग त्याच खेळाडूकडून सामन्यात आपखुशीनं धावण्याची अपेक्षा कशी करायची?

कोणाला किती भार पडला हे मोजायला महागडं यंत्र लागतंच असं नाही. सराव संपल्यावर अर्ध्या तासानं प्रत्येकाला विचारायचं, किती जड गेलं, एक ते दहापैकी सांग. त्या आकड्याला सरावाच्या मिनिटांनी गुणायचं. सात गुणिले ८० म्हणजे ५६०. महिनाभर वहीत लिहिलं की चित्र दिसायला लागतं. सगळे पाच म्हणत असताना एकजण रोज आठ म्हणतोय, तर त्याची झोप, ताप किंवा घरचं काहीतरी तपासायचं. पण हे एकेकाला बाजूला घेऊन विचारायचं. चारचौघांत विचारलं की सगळे चारच म्हणतात, कारण दमलो म्हणणारा संघातून जाईल अशी भीती असते. आणि एकदा जरी खरा आकडा सांगणाऱ्याला त्या कारणानं वगळलं, तर ती वही फेकून दिलेली बरी.

आपल्या दमट हवेत वजनाचा काटाही तेवढाच कामाचा. सरावाआधी आणि नंतर, अंग पुसून, कमी कपड्यांत वजन करायचं. ७० किलोच्या खेळाडूचं वजन एक किलो ४०० ग्रॅमनं उतरलं म्हणजे दोन टक्के पाणी गेलं. त्यापुढं धाव आणि निर्णय दोन्ही ढिले पडतात. कमी झालेल्या दर किलोमागे पुढच्या काही तासांत साधारण दीड लिटर पाणी जायला हवं, सोबत मीठ. मीठ-साखर घातलेलं कोकम सरबत असेल तर उत्तमच, त्यासाठी बाटलीबंद रंगीत पेयं लागत नाहीत.

परत दंडाकडे येऊ. इस्रायलमधल्या हैफा शहरात दहा पाळणाघरांवर झालेला एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना काही पाळणाघरांनी दंड लावला. उशीर कमी होण्याऐवजी वाढला, जवळजवळ दुप्पट झाला, आणि दंड काढून टाकल्यावरही पूर्वीइतका कमी झाला नाही. पालकांच्या लेखी तो दंड राहिला नव्हता, उशिराचं भाडं झालं होतं. क्लबात हेच होतं. लाखोंनी मिळवणाऱ्या खेळाडूला ठरावीक रक्कम म्हणजे किरकोळ खर्च, आणि तीच रक्कम दुसऱ्या फळीतल्या पोराच्या पगाराला खिंडार पाडते. म्हणून रक्कम पगाराच्या टक्केवारीत ठेवावी. यादी प्रशिक्षकांनी एकट्यानं न करता कॅप्टन, गोलकीपर आणि एखादा कोवळा खेळाडू मिळून चार-पाच जणांनी करावी. पैसे खेळाडूंपैकीच एकानं गोळा करावेत, आणि ते किट सांभाळणारे, मैदान राखणारे यांच्यासाठी खर्च व्हावेत. प्रशिक्षकाला उशीर झाला तर त्यालाही तोच दंड. हे शेवटचं कलम गाळलं की बाकीची कलमं आपोआप पातळ होतात.

तरीही खरा अधिकार दंडात नसतोच, अकरा नावांच्या यादीत असतो. संघातला सगळ्यात चांगला खेळाडू सरावात चालढकल करतो आणि रविवारी पहिल्या अकरात असतो, तेव्हा उरलेले वीस-बावीस जण भिंतीवरची यादी वाचणं बंद करतात. मँचेस्टर युनायटेडचे ॲलेक्स फर्ग्युसन याबाबत फार कठोर. २००५मध्ये कॅप्टन रॉय कीननं क्लबाच्याच वाहिनीला दिलेल्या मुलाखतीत सहकाऱ्यांना धुतलं, आणि त्याच नोव्हेंबरात इतकी वर्षं संघाचा कणा असलेला तो माणूस क्लबातून बाहेर पडला. मार्सेलो बिएल्सांचा मार्ग वेगळा. इंग्लंडच्या लीड्स क्लबाचे प्रशिक्षक असताना त्यांनी खेळाडूंना तीन तास कचरा वेचायला लावला, कारण साधारण तितके तास राबल्यावर तिथल्या प्रेक्षकाला एक तिकीट परवडायचं. आणि एप्रिल २०१९मध्ये ॲस्टन व्हिलाचा खेळाडू जखमी होऊन पडलेला असताना लीड्सनं गोल केला, तेव्हा बिएल्सांनी स्वतःच्या संघाला बाजूला उभं राहून व्हिलाला बरोबरीचा गोल करू द्यायला सांगितलं. त्यांचा एक बचावपटू त्या वेळीही आडवा गेलाच, हेही सांगायला हवं.

प्रशिक्षक गेल्यावर काय उरतं? फर्ग्युसन २०१३मध्ये विजेतेपद घेऊन निवृत्त झाले, पुढच्या मोसमात युनायटेड सातवा. याउलट आपल्या शेजारी, एफसी गोवानं जानेवारी २०२०च्या शेवटी सर्जिओ लोबेरा यांना दूर केलं, संघ अव्वल असताना आणि साखळीतले तीन सामने बाकी असताना. जबाबदारी आली क्लबाच्याच प्रशिक्षक वर्गातल्या क्लिफर्ड मिरांडांवर. आर्मांडो कोलासो यांच्या हाताखाली पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेल्या डेम्पो या गोव्यातल्याच क्लबात ते अनेक वर्षं विंगवर खेळले होते. त्यांनी खेळ बदलला नाही. तिन्ही सामने जिंकले, शेवटचा जमशेदपूरमध्ये पाच-शून्यनं, आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात पोहोचणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. तीन सामने आणि आख्खा मोसम यांची तुलना अर्थातच सरळ नाही. फेब्रुवारीच्या शेवटी उपांत्य फेरीत त्याच गोव्यानं चेन्नईत चार गोल खाल्ले, एक केला. मार्चमध्ये परतीच्या सामन्यात फातोर्ड्याला त्यांनी चार गोल मारले, पण दोन खाल्ले. एकूण पाच-सहानं ते बाहेर गेले.

नमस्कार.