छप्पर घातलं की भरीत बिघडतं

(परिसरातल्या हिवाळी व्याख्यानमालेत केलेलं भाषण, थोडंफार नीट करून)

मंडळी नमस्कार. मागे आवाज येतोय ना? माईकवाल्या भाऊ, तो घुमणारा आवाज जरा कमी कर, मी भरितावर बोलणार आहे, कव्वाली नाही गाणार.

पत्रिकेत विषय छापलाय 'उघड्यावरील उपाहारगृहांचे भवितव्य'. हे नाव माझं नाही, सेक्रेटरींचं. मी फोनवर एवढंच म्हटलं होतं की हिवाळ्यात आपल्या कॉलनीच्या तोंडाशी मोकळ्या प्लॉटवर जे भरिताचं हॉटेल लागतं ना त्याच्यावर बोलतो. तर ते म्हणे सर, जरा हलकं वाटतं हो. म्हणून मग उपाहारगृह आलं आणि भवितव्य आलं. असो.

माझं म्हणणं एका वाक्याचं आहे, नंतर वेळ पुरला नाही तर निदान तेवढं घरी न्या. आपल्याला वाटतं हा माणूस उघड्यावर हॉटेल टाकतो कारण त्याच्याकडे गाळा घ्यायला पैसे नाहीत, चार पैसे आले की बिचारा आत जाईल, एसी लावेल, सुधारेल. मी म्हणतो भरिताला उघडंच लागतं. डोक्यावर छप्पर आलं की जाळ बारीक करावा लागतो, आणि जाळ बारीक झाला की वांगं भाजत नाही, नुसतं शिजतं. तो माणूस सुधारला की आपलं भरीत गेलं. याची कारणं तीन, कापसाची काडी, वांगं आणि जागा, तिन्ही सांगतो. पण आधी एक किस्सा, छोटा आहे.

(हसू नका, खरंच छोटा आहे.)

भाचा आमचा नोकरीला मोठ्या शहरात. शहराचं नाव घेत नाही, इथे निम्म्या लोकांची पोरं तिकडेच आहेत. आम्ही दोघं नवरा-बायको गेलो तर म्हणे मामा, तुम्हाला एकदम आपल्याकडच्यासारखं हॉटेल दाखवतो, ओपन एअर, लाईव्ह ग्रिल. गेलो. प्लास्टिकची हिरवळ, झाडांना बारीक लाईटच्या माळा, टेबलाच्या मधोमध चौकोनी खड्डा आणि त्याच्यात निखाऱ्यांची शेगडी. वर आभाळ, थंडी, मला वाटलं वा, पोरगं हुशार निघालं. मेनू कार्ड उघडलं तर त्याच्यात 'खान्देशी स्मोक्ड भरीत'. आता जळगाव जिल्ह्याचा माणूस ही ओळ वाचून पुढे सरकू शकतो का? मागवलं. वेटर विचारतो, सर तिखट कमी, मध्यम की जास्त. मी म्हटलं खान्देशी लिहिलंय ना वर, मग विचारतो काय भो.

आलं. बारकी तांब्याची कढई, वर कोथिंबिरीचं एक पान, एकच. बाईसाहेबांनी चमचा घातला, वर काढला आणि माझ्याकडे बघितलं. टोमॅटो. मंडळी, टोमॅटोवर माझा राग नाही, पंजाबात भरत्यात घालतात, त्यांचं त्यांना लखलाभ, त्यांची ती पद्धत आहे आणि चांगली आहे. पण वर खान्देशी लिहायचं आणि आत टोमॅटो? वर थोडी साखर पण होती, हे मी म्हणत नाही, बाईसाहेब म्हणतात, आणि त्यांच्या जिभेवर मी आजवर शंका घेतलेली नाही, घेणार नाही.

मी वेटरला बोलावलं. म्हटलं बाळा, वांगं भाजलं कुठे? तो आत जाऊन आला, म्हणे सर ओव्हनमध्ये. मग धूर कुठला? तर म्हणे शेवटी वाटीत निखारा ठेवून वर तूप सोडतो आणि झाकतो. बरं. मग ही टेबलावरची शेगडी कशाला? म्हणे ती पनीर आणि अननसासाठी. मी म्हटलं असं कर, एक कच्चं वांगं आण, मी इथेच भाजतो. तो हसला, त्याला वाटलं मामा गंमत करताहेत. मी गंमत करत नव्हतो. मग मॅनेजर आले, कोटवाले, फार नम्र माणूस. सर, वांगं फुटतं, सेफ्टीचा प्रश्न आहे. भाचा टेबलाखालून माझा पाय दाबतोय. मी म्हटलं साहेब, वांगं फुटतं कारण टोचलेलं नसतं, टोचून आणा. नाही आणलं त्यांनी.

आता बघा हं गंमत. माणसं आभाळाखाली बसवलीत. अननस आभाळाखाली. पनीर आभाळाखाली. आणि आख्ख्या कार्डात ज्या एका पदार्थाला आभाळ लागतं तो आत बंद डब्यात. बिलात सर्व्हिस चार्ज वेगळा. भाच्याने भरला, मला बघू पण नाही दिला आकडा, त्यावरूनच समजा.

ही पहिली चिठ्ठी आली वाटतं. वीस मिनिटं राहिली. भरपूर आहेत.

तर आपल्याकडचं बघा. आपला भरीतवाला अण्णा, नाव घेत नाही, इथेच कुठेतरी बसला असेल आणि नसेल तर बरंच आहे, धंद्याची वेळ आहे ही. दिवस मावळला की प्लॉटवर कापसाच्या काड्यांचा भारा सुटतो. वांगी आधीच तेलाचा हात फिरवून, सुरीने टोचून, ओळीने तयार. आपलं वांगं म्हणजे ते काळं-जांभळं नव्हे, हिरवट पांढरं, अर्धा अर्धा किलोचं, बिया कमी, साल पातळ. काड्या पेटल्या की जाळ कमरेच्या वर जातो, तडतड आवाज, काळे पापुद्रे उडतात आणि पांढऱ्या शर्टवाल्याच्याच अंगावर बसतात. वांगं त्या जाळात आख्खं बुडतं, हे महत्त्वाचं आहे. गॅसवर काय होतं, खालून जाळाचं एक कडं, तेवढाच भाग करपतो, मग फिरवा, मग दुसरा करपतो, तोवर पहिला थंड. वांग्यात नव्वद टक्क्यांच्या वर पाणी असतं. चहूबाजूंनी एकदम जाळ लागला की साल कोळसा होते आणि आतलं पाणी वाफ होऊन गर आतल्या आत शिजतो, धूर सालीतून, टोचलेल्या भोकांतून आत मुरतो. शेवटी जाळ बसतो आणि वांगी त्याच राखेत थोडी लोळतात. अण्णा देठाजवळ बोटाने दाबून बघतो, कारण देठाजवळचा भाग सगळ्यात शेवटी होतो, तिथे बोट रुतलं की झालं. देठ काढत नाही. सोलताना धरायला तोच लागतो. सोलणाऱ्या मावशी शेजारी वाटीत पाणी ठेवतात, बोटं बुडवतात, वांगं नाही बुडवत. वांगं पाण्यात घालून सोलणारा माणूस मी हॉटेलात बघितला की उठून येतो, सगळा धूर त्या पाण्यात गेला, आता काय खायचं, ते पाणी?

मग लाकडी बडगीत, म्हणजे ठेचायच्या उखळीत, त्याच जाळावर भाजलेल्या हिरव्या मिरच्या, लसूण, मीठ, आणि वर गरम गर, की ठेच. मिक्सर लावलेलं भरीत चिकट होतं, सांगायला नको. शेंगदाणे, कांद्याची पात, कोथिंबीर. इथून पुढे आपल्यात दोन पक्ष आहेत, कच्चं आणि फोडणीचं. सभागृहात शांतता राहावी म्हणून मी बोलत नाही. (बोलतो. ताजं असेल तर कच्चं. फोडणी ही उद्याच्या डब्यासाठी.) सोबत पुरी, नाहीतर उडीद-ज्वारीच्या कळण्याची भाकरी, मुळा. प्लास्टिकच्या खुर्च्या, निम्म्यांचा एक पाय जमिनीत रुतलेला. शेजारी रोज दिसणारा पण कधी न बोललेला माणूस जाळाकडे हात शेकत उभा असतो आणि बोलायला लागतो, कारण वांगं व्हायला वेळ आहे, दुसरं करणार काय. घरून डबा घेऊन आलेली पोरं वेगळी, ती किलोवर नेतात. आणि घरी गेल्यावर कुठे होतात विचारायची कुणाला गरज नाही, स्वेटर सांगतो.

बामणोद गावचं वांगं चांगलं की असोदा गावचं, हा प्रश्न मला दरवेळी विचारतात. मी दोन्हीकडे जेवतो, उत्तर देणार नाही. आमच्या घरात चातुर्मासात वांगं बंद, ते चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की सुटतं, त्या दिवशी आमच्या म्हातारीचा उत्साह बघण्यासारखा असायचा, चार महिन्यांचा उपवास वांग्याचाच होता असं वाटावं... हो हो, दुसरी चिठ्ठी. सात मिनिटं? आत्ता तर वीस होती.

बरं, मुद्दे. पटापट घेतो.

पहिला, काडी. काडी कोळशापेक्षा वेगळी. कोळशाचा धूर कोळसा होतानाच निघून गेलेला असतो, राहते ती नुसती आच, पनीरला ठीक आहे. काडीचा जाळ लांब, धूर भरपूर, आणि लवकर विझते म्हणून वांगं जळून खाक होत नाही. हा जाळ छपराखाली करताच येत नाही, पत्रे काळे होतील आणि गिऱ्हाईक खोकत बाहेर जाईल. आता ही काडी कमी होतेय. कृषी खातं सांगतं फरदड, म्हणजे वेचणी संपल्यावर त्याच झाडांवर पुन्हा पीक, घेऊ नका, डिसेंबरअखेर पऱ्हाटी, म्हणजे कापसाची उभी झाडं, काढा, बांधावर ढीग रचू नका. बरोबरच सांगतं, २०१७ साली गुलाबी बोंडअळीने काय केलं ते इथे बसलेल्या अर्ध्या लोकांनी भोगलंय, आणि न फुटलेल्या बोंडात, काडीच्या ढिगात ती अळी पुढच्या हंगामापर्यंत राहते. म्हणून काडी आता श्रेडरने बारीक करून जमिनीत जाते नाहीतर पांढऱ्या कोळशाच्या, म्हणजे भुसा दाबून केलेल्या जळणाच्या, कारखान्याला. माझं म्हणणं, अण्णासारख्यांनी काड्या उपटल्या उपटल्या ट्रॉलीने उचलाव्यात आणि हिवाळ्यातच जाळून संपवाव्यात. शेतकऱ्याचं रान मोकळं, बोंडातली अळी भस्म, आपलं भरीत. फक्त उन्हाळ्यापर्यंत साठवायची नाही. हंगामाच्या सुरुवातीला, नवी पऱ्हाटी निघायच्या आधी, तुरीचं किंवा बाभळीचं जळण चालतं, चव थोडी वेगळी येते, चालवून घ्या.

दुसरा, वांगं. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच वर्षी केळीलाही. केळीचं सगळ्यांना माहीत, वांग्याचं निम्म्यांना नाही. पण मानांकन वांग्याला आहे, भाजण्याला नाही. म्हणजे आपलंच वांगं नेऊन कुणी ओव्हनमध्ये घालून टोमॅटो टाकला तरी वांग्यापुरतं त्याचं खरंच. यावर कायद्याने काही करता येणार नाही, करूही नये. आपण एवढंच करायचं, बाराही महिने भरीत मागायचं नाही. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत लग्नाच्या पंगतीला भरीत लागतं म्हणूनच ते जांभळं वांगं आणि गॅस आला. आपल्या मागणीने आणला, हॉटेलवाल्याला शिव्या देऊन उपयोग नाही.

तिसरा, जागा, आणि इथे विरोधकांचं ऐकलं पाहिजे. धूर. मुंबईत २०२५ च्या सुरुवातीला हायकोर्टाच्या आदेशानंतर लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्या आणि तंदूरवाल्यांना इंधन बदला म्हणून नोटिसा गेल्या. उद्या इकडेही कुणीतरी अर्ज करेल, आणि ज्याच्या घरात दम्याचं माणूस आहे त्याने केला तर मी त्याला चूक म्हणणार नाही. रात्री खिडक्या लावून बसावं लागतं लोकांना. म्हणून कॉलनीच्या तोंडाशी नको, मैदानाच्या किंवा नाल्याच्या कडेला, वारा वस्तीकडे येणार नाही अशा बाजूला, नगरपालिकेने हिवाळ्याचे चार महिने जागा आखून द्यावी. फेरीवाल्यांचा कायदा २०१४ पासून आहे, त्यात शहर फेरीवाला समिती आहे, विक्रीची जागा ठरवायची सोय आहे. भरीतवाले एकत्र येऊन अर्ज करत नाहीत कारण हंगाम संपला की कुणी शेतावर जातो, कुणी रसवंती टाकतो, पुढच्या दिवाळीनंतर आठवण होते तेव्हा प्लॉटवर बांधकाम सुरू झालेलं असतं. आपल्या अण्णाच्या प्लॉटवर पण बोअर मारून झालीय, बघितली असेल तुम्ही. तेव्हा अर्ज आत्ता, याच महिन्यात करायचा. कागद मी लिहून देतो, इथल्या वकील ताई बघून देतील असं मी त्यांना न विचारताच जाहीर करतो, सह्या तुमच्या लागतील.

उठले सेक्रेटरी. थांबा, अर्धं मिनिट. भाड्याचं राहिलं. चार महिन्यांच्या जागेला बारा महिन्यांचं भाडं लावलं तर तो माणूस परत गाळ्यातच जाईल आणि गॅस घेईल, त्यामुळे अर्जात महिन्याच्या हिशोबाने भाडं असं स्पष्ट लिहायचं. बाकी प्रश्नोत्तरात बोलू. सह्यांचा कागद दाराशी चपलांजवळच्या टेबलावर ठेवलाय, पेन बांधलेलं आहे, नेऊ नका.