वस्ताद नसलेल्यांचा आखाडा

[दृश्य : शुक्रवारची संध्याकाळ. इंग्लंडच्या यॉर्कशर भागातलं एक जुनं दगडी वसतिगृह. आवारात एकेक गाडी येऊन थांबते आहे.]

एरवी इथे शाळांच्या सहली उतरतात. आज मात्र प्रत्येक गाडीच्या डिकीतून एक लांबलचक पिशवी निघते आहे. पिशवीत तलवारी आहेत.

तलवारी पोलादाच्या, पण बिनधारेच्या. लांबी एकशेतीस सेंटिमीटरच्या आसपास, वजन दीड किलोच्या आतबाहेर, धरायच्या दोन्ही हातांनी. सरावाच्या या तलवारीला फेडर म्हणतात. मुठीजवळ पातं रुंद असतं आणि टोकाकडे अरुंद, लवचीक होत जातं. भोसकलं की ते कमानीसारखं वाकतं आणि समोरच्याच्या बरगड्या शाबूत राहतात. सोळाव्या शतकातल्या जर्मन चित्रांतही अशाच तलवारी दिसतात. सरावात माणूस मरता कामा नये, ही काळजी तेव्हाच्या मास्तरांनाही होती.

[दृश्य : नोंदणीचं टेबल. एक हात तलवारीच्या पात्यावरून जुना मोजा फिरवतो आहे.]

आत आल्यावर चहाच्याही आधी सामानाची तपासणी. मास्कची जाळी कुठे चेपली आहे का? डोक्याची मागची बाजू झाकणारं चामडं आहे का? गळ्याला पट्टा? जाकिटाचं कापड किती न्यूटनचं, म्हणजे भोसकल्यावर किती जोर झेलणारं, ३५० की ८००? मग तलवारीचं टोक जमिनीला टेकवून वरून भार द्यायचा. पातं सहज वाकलं तर तलवार पास. शेवटी पात्याच्या कडेवरून जुना सुती मोजा फिरवतात. पोलादावर पोलाद आपटून कडेला बारीक कुसळं उभी राहतात, आणि ती हात फाडतात. मोज्याचा धागा अडकला, की मालकाच्या हातात कानस देऊन त्याला बाहेरच्या पायरीवर बसवतात. थोड्याच वेळात पायऱ्यांवर रांग लागलेली असते आणि कानशींचा खरखराट जेवणाच्या खोलीपर्यंत ऐकू येतो.

माणसं पन्नास-साठ. नर्स आहेत, प्लंबर आहेत, शाळेतल्या बाई आहेत, आणि संगणकावर काम करणारे तर ढिगाने. यांचा खेळ म्हणजे ऑलिम्पिकमधली तलवारबाजी नव्हे. त्या तलवारबाजीला शिकवणाऱ्यांची न तुटलेली साखळी आहे. यांना हवा आहे त्याआधीचा युरोप: दोन हाती लांब तलवार, तलवार आणि तळहाताएवढी ढाल, रेपियर म्हणजे भोसकायची लांब, निमुळती तलवार, खंजीर, झालंच तर कुस्तीसुद्धा. आणि ही विद्या गुरूकडून गुरूकडे अशी मिळालेलं जिवंत माणूस आज कुठेही नाही.

कोल्हापुरात मर्दानी खेळ शिकायचा तर वस्ताद असतो. पवित्रा चुकला की तिथल्या तिथे पाय सरळ करून देतो, कारण त्याच्या वस्तादाने त्याला तसंच शिकवलेलं असतं. युरोपात बंदुका आल्या, सैन्यं बदलली, द्वंद्वाच्या तलवारी हलक्या होत गेल्या आणि लांब तलवारीचे वस्ताद मागे वारस न ठेवता संपले. उरली ती त्यांची पुस्तकं. या वसतिगृहात जमलेली मंडळी तलवार शिकली आहेत ती पुस्तकं वाचून. पुस्तक वाचून पोहायला शिकण्यातला प्रकार वाटतो ना? बराचसा तसाच आहे. म्हणून तर दोन दिवस एका छपराखाली राहून एकमेकांना पाण्यात ढकलावं लागतं.

[दृश्य : लीड्स शहर. रॉयल आर्मरीज संग्रहालयाची इमारत.]

या पुस्तकांतलं आज हाती असलेलं सर्वांत जुनं याच यॉर्कशरमध्ये, लीड्सच्या रॉयल आर्मरीज संग्रहालयाच्या ताब्यात आहे. आपल्याकडचा पाहुणा या संग्रहालयात येतो तो हिंदुस्थानी हत्तीचं चिलखत बघायला, आणि त्यात वावगं काही नाही, चिलखत आहेच तसं. पण इथेच ‘आय.३३’ या क्रमांकाची एक हस्तलिखित पोथी आहे. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीची, चामड्याच्या बत्तीस पानांची. मजकूर लॅटिन. जवळजवळ प्रत्येक पानावर दोन चित्रं, आणि चित्रांत तलवार नि छोटी ढाल घेतलेले दोघे: एक डोक्याचा घेरा केलेला पाद्री आणि दुसरा त्याचा विद्यार्थी. पाद्री शिकवतो आहे तलवार! शेवटच्या पानांवर विद्यार्थी दिसेनासा होतो आणि त्याच्या जागी वाल्पुर्गिस नावाची एक स्त्री उभी राहते. ती कोण, कुठली, एक शब्द नाही. लढते मात्र बरोबरीने.

पोथी फिरलीही बरीच. सोळाव्या शतकातल्या लढायांच्या धामधुमीत जर्मनीच्या फ्रँकोनिया भागातल्या एका मठातून ती उचलली गेली. पुढे गोथा इथल्या राजघराण्याच्या ग्रंथालयात पोहोचली. दुसऱ्या महायुद्धात गायब झाली आणि १९५० साली लंडनमध्ये थेट लिलावालाच आली. तिथे आर्मरीजने विकत घेतली.

चित्रं सुंदर आहेत, पण पंचाईत अशी, की पहिल्या चित्रात तलवारी भिडलेल्या आहेत आणि दुसऱ्यात एकाच्या डोक्यावर वार बसलेला आहे. मधे काय झालं? पाऊल कोणतं पडलं, मनगट कुठून वळलं? चित्रकाराने सांगितलेलं नाही. शनिवार-रविवारचा हा सगळा खटाटोप त्या मधल्या क्षणासाठी.

[दृश्य : शनिवार सकाळ. वसतिगृहाचं सभागृह. खुर्च्या भिंतीला लावलेल्या. जोड्या जोड्यांनी सराव.]

आज सकाळचा विषय जर्मन. चौदाव्या शतकात योहानेस लिख्टेनाउअर नावाचा एक मास्तर होऊन गेला. त्याच्याबद्दल माहिती जवळजवळ शून्य. विद्येच्या शोधात अनेक देश फिरला, एवढं एका जुन्या वहीत म्हटलं आहे. त्याने आपली सगळी विद्या यमकांत बांधली, आणि मुद्दाम कोड्यात बांधली. ऐऱ्यागैऱ्याच्या हाती ती लागू नये म्हणून. पंधराव्या शतकात त्याच्या परंपरेतल्या लोकांनी त्यावर टीका, म्हणजे अर्थ उलगडणारी भाष्यं, लिहिली, तेव्हा कुठे त्या ओळींना हातपाय फुटले.

त्याच्या पाच प्रमुख वारांपैकी एक क्रुम्पहाउ. वाकडा वार. यमकाचा आशय एवढाच: चपळाईने वाकडा मार आणि टोक हातांवर फेक. टीकाकार सांगतात, समोरचा उजवीकडून वरून मारत असेल तर उजव्या पायाने त्याच्या वारातून बाहेर उडी घे आणि मनगटं एकमेकांवर ओलांडून त्याच्या हातांवर मार. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत. पण पातं कुठल्या कडेने बसवायचं? पुढच्या की मागच्या? उडी किती लांब? वार त्याच्या हातांवर, की तो हुकल्यावर त्याच्या पात्यावर? एकाच ओळीच्या या घडीला तीन पद्धती या सभागृहात चालू आहेत आणि तिन्हींचे मास्तर एकमेकांकडे डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतायत.

रीत अशी: आधी अगदी सावकाश, मग अर्ध्या वेगाने, मग जोडी बदलायची आणि अनोळखी माणसासमोर पूर्ण वेगाने. हा अनोळखी माणूस फार महत्त्वाचा. आपल्या गावच्या क्लबात सगळे सगळ्यांना ओळखून असतात. आज क्रुम्पहाउ आहे म्हटल्यावर समोरचा नकळत हात पुढे ठेवतो, वार बसतो, आणि सगळ्यांना वाटतं पुस्तक कळलं. ब्रिस्टलहून आलेल्या माणसाला यातलं काही ठाऊक नसतं. तो मारतो आणि हात मागे घेतो.

“हे असं तो थांबून राहिला तरच जमतंय,” एक बाई मास्क वर सरकवून म्हणतात.

“पण चित्रात तो थांबलेलाच आहे!” समोरचा पोरगा.

“अरे, चित्रातला हलणार कसा?”

हसण्याचा आवाज छपराला लागतो. पण बाईंचं म्हणणं खरं आहे, आणि पुढचा अर्धा तास त्या एकाच पावलावर जातो. पाऊल वीतभर जास्त बाहेर टाकलं की हात मागे घेणाराही सापडतो. बाई वहीत काहीतरी टिपून घेतात. पोरगा त्यांच्या खांद्यावरून वाचायचा प्रयत्न करतो.

[दृश्य : जवळून. दोन तलवारी मधोमध भिडलेल्या. हातमोज्यांतली बोटं.]

जरा या हातांकडे बघा. पाती भिडली आहेत आणि कोणीच काही करत नाहीये असं दिसतं. प्रत्यक्षात इथेच सगळं चाललं आहे. पात्याचा मुठीजवळचा अर्धा भाग बळकट, टोकाकडचा कमकुवत. समोरचा दाबतो आहे का? दाबत असेल तर त्याला दाबू द्यायचं, आपली तलवार सोडवून दुसऱ्या बाजूने घ्यायची. हात सैल पडलाय? मग टोक सरळ चेहऱ्याकडे. हे डोळ्यांना कळेपर्यंत उशीर झालेला असतो. मनगटाला कळावं लागतं. जुन्या जर्मन टीका या स्पर्शज्ञानाबद्दल पुन्हा पुन्हा बोलतात, आणि व्हिडिओ बघून नेमकी हीच गोष्ट शिकता येत नाही. आमच्या या व्हिडिओतूनही येणार नाही.

आणि हे हातमोजे. एकेक मोजा पावाच्या लादीएवढा, तरीही या खेळात सर्वाधिक मार बोटांना, त्यातही अंगठ्याला. शनिवारी दुपारी स्वयंपाकघरातला बर्फ जेवणासाठी शिल्लक राहत नाही. फियोरे देई लिबेरी नावाचा इटालियन मास्तर होता. १४१० च्या आसपास त्याने आपला ग्रंथ सिद्ध केला. प्रस्तावनेत तो सांगतो, की ज्या मास्तरांना त्याने आपली विद्या दाखवायला नकार दिला, त्यांच्याशी त्याला पाच वेळा लढावं लागलं. धारदार तलवारींनी. अंगात गादीदार जाकीट आणि हातात मऊ चामड्याचे मोजे, बस्स. बढाई असेलही. पण इथे कोणी तक्रार करायला लागलं, की हमखास कोणीतरी फियोरेचे मोजे काढतं.

[दृश्य : दुपार. मोकळ्या लढती. गवतावर आखलेला चौकोन.]

दुपारी मोकळ्या लढती. इथे पदक नाही, गुणफलक नाही. हे मला आवडलं. स्पर्धा या खेळाला नवीन नाहीत. स्वीडनमधल्या गोथेनबर्गची ‘स्वोर्डफिश’ २००६ पासूनची आहे, आणि स्पर्धांमुळे माणसं वेगवान झाली हेही खरंच. पण गुण मोजायला लागलं की लोक पुस्तकातलं सोडून हमखास चालणाऱ्या तीन-चार युक्त्यांवर येतात. इथे हरलं तरी काही बिघडत नाही, त्यामुळे सकाळचा अर्धाकच्चा क्रुम्पहाउ दुपारी वापरून बघायची हिंमत होते.

एक दुखणं मात्र इथेही तेच. दोघेही एकाच वेळी मारतात. थाड-थाड. धारदार पात्यांनी लढत असते तर दोघांचीही प्रेतं उचलावी लागली असती; इथे दोघं हसून मागे सरतात. अंगावर ८०० न्यूटनचं जाकीट असताना भीती आणायची कुठून, हा या खेळातला सगळ्यात अवघड प्रश्न आहे. काही स्पर्धांत असे दुहेरी वार ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की दोघांनाही पराभूत ठरवतात. इथल्या आयोजकाने सोपा उपाय काढलाय: दुहेरी वार झाला की दोघांनीही रात्रीची भांडी घासायची. संध्याकाळपर्यंत भांडी घासणाऱ्यांची यादी फळ्यावर मावेनाशी झाली होती.

[दृश्य : रात्र. जेवणाची लांब टेबलं. मोठ्या पातेल्यातून राजम्याची उसळ आणि भात.]

रात्री टेबलावर पुस्तकांच्या छापील नकला उघडतात. अशी माणसं पहिल्यांदाच जमतायत असंही नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला लंडनमध्ये एगर्टन कासल आणि आल्फ्रेड हटन या दोघांनी जुन्या तलवारबाजीवर ग्रंथ लिहिले, प्रयोग करून दाखवले. कासलचं पुस्तक १८८५ चं. पण त्यांच्यानंतर तो उत्साह विझला. पुन्हा पेटला तो १९९० च्या दशकात, ग्रंथालयांतल्या पोथ्यांच्या प्रती इंटरनेटवरून हातोहात फिरायला लागल्यावर.

आज टेबलावर चर्चा आहे योआखिम मायरची. स्ट्रासबुर्गचा माणूस, धंद्याने सुऱ्या घडवणारा कारागीर. १५७० साली त्याने लाकडी ठशांच्या सुरेख चित्रांनी भरलेला ग्रंथ छापला. नवीन नोकरी धरली, आणि दुसऱ्याच वर्षी, छपाईचं कर्ज मागे ठेवून वारला. ग्रंथाला साडेचारशे वर्षं होऊन गेली आणि आज तो यॉर्कशरमध्ये उसळीच्या डागांसकट हातोहात फिरतो आहे.

त्या काळात सोलिंगेनसारख्या जर्मन गावांत घडलेली पाती जहाजांतून हिंदुस्थानातही उतरत होती. दख्खनमध्ये त्यांना तिथल्या मुठी बसवल्या गेल्या. मराठ्यांच्या फिरंग तलवारींत अशी युरोपीय पाती आजही दिसतात. टेबलावर कोणीतरी विचारलं, तुमच्याकडे ती चालवायची कशी? मूठ आपली, त्यामुळे पकड वेगळी आणि पवित्रेही वेगळे, एवढंच मला सांगता आलं. बाकी त्यांनी कोल्हापूरला येऊन बघावं. दोघांनी लगेच विमानाची तिकिटं शोधायला घेतली.

[दृश्य : रविवार. सभागृह. लंगडणारी माणसं, निळे-जांभळे दंड.]

रविवारी सकाळी जिना उतरताना प्रत्येक पायरीवर कण्हणं ऐकू येतं. आयोजकाने जोराच्या लढती बंद ठेवल्या आहेत. दमलेला माणूस हात आवरू शकत नाही आणि मोडलेली बोटं बहुतेक रविवारचीच असतात, असा त्याचा अनुभव. तेव्हा आज सावकाश काम: रेपियरचं पदलालित्य, खंजिराच्या झटापटी, आणि ज्यांना उभं राहवत नाही त्यांच्यासाठी जुनी जर्मन लिपी वाचायचा वर्ग. या वर्गाला सगळ्यात जास्त गर्दी.

जेवणाआधी शेवटचं सत्र. कालच्या तिन्ही मास्तरांना मधे बोलावलं आहे, तोच क्रुम्पहाउ, ब्रिस्टलच्या त्याच माणसावर. पहिल्याचा वार बसतो. दुसऱ्याचाही बसतो. तिसऱ्या मास्तरांच्या वेळी ब्रिस्टलकर हात मागे न घेता पुढे येतो, पाती अडकतात, आणि दोघं गुंतल्या तलवारींसकट भिंतीवर जाऊन आदळतात. वहीवाल्या बाई म्हणतात, हे तर टीकेत आहे, पुढच्याच परिच्छेदात. नाही, तो दुसरा वार आहे, मास्तर भिंतीला टेकूनच म्हणतात. पुस्तक मागवलं जातं. पान सापडतं. दोघंही त्याच ओळीवर बोट ठेवून आपापलं म्हणणं सिद्ध करतात.

तीन वाजता वसतिगृहाच्या चाव्या परत द्यायच्या आहेत आणि कालची भांडी अजून तशीच पडली आहेत. आयोजक फळ्यावरची यादी मोठ्याने वाचायला लागतो. तिन्ही मास्तरांची नावं त्यात आहेत.