बोलू नये अशी पेटी

(दृश्य: मिरज, सतारमेकर गल्ली. कारागीर तंबोऱ्याची तबली बोटाने ठोकून बघतो.)

ही तबली, म्हणजे भोपळ्यावरची लाकडी पाटी, बोलली पाहिजे, म्हणून तिची जाडी हळूहळू उतरवत नेतात. तारेचा आवाज मुळात एवढासा. तंबोरा भरून वाजतो तो तबली आणि भोपळ्यामुळे.

घरी स्पीकर बांधायला घेतला, की काम याच्या नेमकं उलटं. इथे पेटी बोलता कामा नये. भोपळ्याची घुमक रेकॉर्डिंगमध्ये आधीच आलेली असते. त्यात आपल्या लाकडाने स्वतःचा सूर मिसळला, तर जवारी, म्हणजे तारेची ती झणझणती चमक, गढूळ होते.

(दृश्य: कापलेले फळे, क्लॅम्प, फेविकॉल.)

भिंतींना आपण बहुतेक 18 मिलिमीटरचा एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला फळा, घेतो. पण नुसती जाडी पुरत नाही. ताठ भिंतीचा कंप मरत नाही, तो वरच्या स्वरात सरकतो, आणि तिथे तो कानाला जास्त बोचतो. 1970च्या दशकात बीबीसीच्या अभियंत्यांनी एलएस 3/5ए हा छोटा मॉनिटर, म्हणजे रेकॉर्डिंग पारखायचा स्पीकर, केला. त्याच्या भिंती 12 मिलिमीटर बर्च प्लायच्या, आतून जड थर चिकटवलेला. कंप उठला तरी लगेच शमावा, हा त्यामागचा विचार. मला तो मनापासून पटतो. या पेटीतही आम्ही तसाच थर लावला आहे. पेरांनी ठोकून बघा: ‘टण्’ नको, ‘ठप्’ हवं.

(दृश्य: साडेसहा इंची वूफर, म्हणजे खालचे स्वर वाजवणारा स्पीकर, आणि त्याची डेटाशीट.)

पेटी केवढी, हे अंदाजाने ठरत नाही. 1961 साली ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांनी त्याचं गणित बसवलं. आमच्या वूफरचा अनुनाद 38 हर्ट्झ, क्यूटीएस (त्याचा कंप किती आवरलेला आहे, त्याचं माप) 0.38, व्हीएएस (त्याच्या लवचिकपणाइतकीच लवचिक हवा) 28 लिटर. बंद पेटीसाठी उत्तर येतं सुमारे साडेअकरा लिटर.

पोर्ट, म्हणजे पेटीला हवेसाठी भोक किंवा नळी, ठेवला असता तर खर्ज आणखी खाली गेला असता. पण पोर्टच्या स्वराखाली आवाज सप्तकामागे 24 डेसिबलने कोसळतो, बंद पेटीत 12ने उतरतो. दहा बाय बाराच्या खोलीत मागची भिंत खालच्या स्वरांना हातभार लावतेच. आणि मला डग्ग्याचा घुमारा नुसता मोठा नको होता. तळव्याने तो दाबला, की कुठे थांबला तेही ऐकू यायला हवं होतं. म्हणून पोर्ट नाही.

(दृश्य: तांब्याच्या कॉइल, सोल्डरचा धूर.)

खरी रात्र जाते ती क्रॉसओव्हरमध्ये, म्हणजे खालचे स्वर वूफरला आणि वरचे छोट्या ट्वीटरला वाटून देणाऱ्या सर्किटमध्ये. वूफरचा हलणारा शंकू 13 सेंटिमीटरचा. 2600 हर्ट्झच्या आसपास ध्वनिलहरीची लांबीही तेवढीच होते आणि आवाज टॉर्चच्या झोतासारखा समोरच एकवटू लागतो. ट्वीटरला फार खाली ओढलं, तर तो ताणाखाली येतो. म्हणून दोघांची गाठ 2200 हर्ट्झवर मारली, लिंक्विट्झ-रायली या क्रॉसओव्हरच्या पद्धतीने. सर्किटमधल्या दोन कॉइल एकमेकींना काटकोनात ठेवल्या, म्हणजे एकीचं चुंबकीय क्षेत्र दुसरीत शिरत नाही.

गाठ बसली की नाही, हे कळायला एक सुंदर युक्ती आहे. ट्वीटरच्या तारा मुद्दाम उलट जोडायच्या. दोघं बरोबर एका पावलावर असतील, तर आता ते एकमेकांना खोडतात आणि मोजलेल्या आवाजाच्या आलेखात 2200वर विहिरीसारखा खड्डा पडतो. आमचा खड्डा आधी उथळ होता, बाजूला सरकलेला. वूफरच्या शंकूला हलवणारी कॉइल ट्वीटरच्या कॉइलपेक्षा मागे बसते, तिथून येणारा आवाज किंचित उशिरा पोचतो. क्रॉसओव्हरमधले दोन कपॅसिटर बदलले आणि खड्डा खोल, सरळ उतरला. तारा पुन्हा सुलट केल्या.

(दृश्य: रात्र. तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग सुरू.)

आता राहिला ट्वीटरपुढचा, त्याचा आवाज कमी करणारा रेझिस्टर. 2.7 ओहमवर जवारी चकाकते, पण हार्मोनियमच्या रीड टोचतात. 3.3वर रीड शांत होतात, जवारी थोडी मागे जाते. सध्या 3.3 लावला आहे. उद्या सकाळी, कान ताजे असताना, हेच दोन पुन्हा ऐकायचे आहेत.