जुन्या स्पोर्ट्स कारचा आतला साज

श्रोतेहो, नमस्कार.

जुनी स्पोर्ट्स कार पुन्हा उभी करायची म्हटलं की सगळं लक्ष इंजिनाकडे आणि रंगाकडे जातं. आतलं काम उरलेल्या पैशांत आणि उरलेल्या उत्साहात उरकलं जातं. मला हे फार खटकतं. गाडी चालवणारा बसतो आत. बाहेरची चकाकी त्याला दिसतही नाही. त्याच्या पाठीला टेकते ती गादी, हाताला लागतं ते स्टिअरिंग, डोळ्यांसमोर असतो तो डॅशबोर्ड. आज या आतल्या साजाबद्दल बोलायचं आहे, आणि माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. नवं बसवायची घाई करू नका. जुनं जितकं वाचेल तितकं वाचवा.

कामाला हात घालण्याआधी भरपूर फोटो काढा. कुठली पट्टी कशाखाली दबली होती, शिवण कोणत्या बाजूला दुमडली होती, हे चार महिन्यांनी कुणालाच आठवत नाही. स्क्रू आणि क्लिपा वेगवेगळ्या पिशव्यांत घालून त्यांवर नावं लिहा. आणि फाटलेलं, कुजलेलं, उंदरांनी कुरतडलेलं असलं तरी काढलेलं काहीही टाकून देऊ नका. तोच तुमचा नमुना. शिवण उसवून जुना तुकडा सपाट केला की त्यावरून नवा बेतता येतो. एका इंचात किती टाके होते, पायपिंग, म्हणजे शिवणीच्या कडेची गोल दोरीसारखी पट्टी, किती जाड होतं, हे त्याच तुकड्यावर मोजता येतं. मूळ रंग पाहायचा असेल तर शिवणीच्या आत, दरवाज्याच्या हँडलमागे किंवा गादीच्या तळाशी बघा. जिथे ऊन पोचलेलं नसतं, तिथे रंग खरा सापडतो.

हे तपशील का जपायचे? जॅग्वार ई-टाइपचंच उदाहरण घ्या. ही गाडी मार्च १९६१ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात लोकांसमोर आली. सुरुवातीच्या ३.८ लिटरच्या गाड्यांत डॅशबोर्डच्या मधल्या भागावर नक्षीदार ॲल्युमिनियमचा पत्रा होता. पुढे तिथे काळं आवरण आलं. म्हणजे एकाच गाडीच्या दोन वर्षांतल्या दोन नमुन्यांचा साज वेगळा. तयार संच विकत आणून सरसकट बसवला तर हा फरक पुसला जातो, आणि एकदा पुसला की त्या गाडीपुरता तो कायमचा गेला.

आता कातड्याकडे वळू, कारण सगळ्यात जास्त मूळ ऐवज इथेच नाहक फेकला जातो. ब्रिटिश गाड्यांत बरंचसं कातडं कॉनोली या कंपनीचं असे. १८७८ साली लंडनमध्ये सुरू झालेली ही कंपनी जॅग्वार, ॲस्टन मार्टिन, रोल्स-रॉइस अशा गाड्यांना कातडं पुरवत होती. पन्नास-साठ वर्षांचं कातडं कडक होतं, त्यावर बारीक रेघा पडतात. पण कडक झालं म्हणजे संपलं, असं नाही. कमावताना त्यात मुरवलेली तेलं उडून गेलेली असतात, एवढंच. गादीच्या मागच्या बाजूला, न दिसणाऱ्या कोपऱ्यात कातडं हळूच दुमडून पाहा. वाकतंय आणि तुटत नाही, तर ते वाचेल. दुमडताच लाल-तपकिरी भुकटी झडायला लागली तर मात्र तंतूच मेलेले असतात, तिथे कुठलंही तेल कामाला येत नाही.

स्वच्छ करताना कपड्यांचा साबण वापरू नका. कमावलेलं कातडं किंचित आम्लधर्मी असतं, आणि साबण अल्कधर्मी. त्यानं मळ निघतो, पण कातड्याचाही जीव जातो. कातड्यासाठीच केलेलं सौम्य क्लीनर, मऊ ब्रश, आणि पाणी कमीत कमी. मग कंडिशनरचे पातळ हात द्या, दोन हातांमध्ये एक दिवस सोडून. एकदम चोपडून ठेवलं तर तेल आत जात नाही, वर चिकट थर बसतो आणि त्यावर धूळ. उसवलेली शिवण पुन्हा घालताना जुन्याच भोकांतून हातानं टाके घाला. कापडात सुईचं भोक बुजतं, कातड्यात ते कधीच बुजत नाही. मशीनखाली घालून शेजारी नवी भोकं पाडली की तिथे तिकिटाच्या कडेसारखी ओळ तयार होते आणि पहिल्या ताणाला फाटते.

गादी बसकी वाटते तेव्हा दोष बहुधा वरच्या कातड्यात नसतो, खाली असतो. फोमची भुकटी झालेली असते, किंवा अनेक ब्रिटिश गाड्यांत गादीखाली ताणलेले रबरी पट्टे असतात ते सैल पडलेले असतात. खालचं बदला, वरचं तेच पुन्हा चढवा. फक्त नवा फोम जुन्यापेक्षा जाड घेऊ नका. जुनं कातडं तेवढा ताण सोसत नाही, शिवणीवरच तडकतं.

व्हायनलचं, म्हणजे कातड्यासारख्या दिसणाऱ्या प्लॅस्टिकच्या आवरणाचं, दुखणं निराळं आहे. त्याला मऊ ठेवणारं रसायन उष्णतेनं हळूहळू बाहेर पडत राहतं. बंद गाडीच्या काचेवर आतून धुरकट थर जमतो, त्यात त्याचाही वाटा असतो. व्हायनल आकसतं आणि ताण बसेल तिथे फुटतं. १९६९ साली आलेल्या डॅटसन २४०झेड या जपानी स्पोर्ट्स कारचे डॅशबोर्ड याच कारणानं जागोजागी तडकलेले दिसतात. भेगा भरून वर पोत उठवणारे कारागीर आहेत, पण काम अवघड. वरून घट्ट बसणारं प्लॅस्टिकचं झाकण चिकटवणं सोपं असतं, तरी मी ते सुचवणार नाही. झाकण पुढे काढायचं झालं तर खालचा मूळ डॅशबोर्डही सोबत उखडून येतो.

कार्पेट उचलल्यावर खालचा पत्रा नीट बघा. कार्पेटखालचा नमदा पाणी धरून ठेवतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. पत्रा दुरुस्त झाल्याशिवाय वर काही अंथरू नका. दरवाज्याच्या आतल्या बाजूचे हार्डबोर्डचे पॅनेल फुगलेले असतील तर त्यांच्यामागचा प्लॅस्टिकचा पडदा फाटला आहे असं समजा. काचेवरून ओघळलेलं पाणी दरवाज्यात उतरणारच. ते पॅनेलपर्यंत येऊ न देणं हे त्या पडद्याचं काम. नवा पडदा लावला नाही तर नवं पॅनेलही फुगेल. गोंद उष्णता सोसणाराच घ्या. उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड ७० अंश सेल्सिअसच्याही वर तापू शकतो, आणि साधा गोंद तिथे पाघळतो.

जगभरच्या जुन्या वाहनांच्या क्लबांची 'फिवा' नावाची संघटना आहे. जुन्या गाड्या कशा जपाव्यात हे सांगणाऱ्या तिच्या ट्युरिन सनदेत मूळ ऐवज जपण्याबरोबर केलेल्या कामाची नोंद ठेवण्यावरही भर आहे. ही नोंद जरूर ठेवा. कोणता दोरा, कोणता फोम, कोणतं कातडं, काय बदललं आणि काय मूळचं आहे, हे कागदावर उतरवा, फोटो जोडा आणि ती फाइल गाडीच्या कागदपत्रांत ठेवा. जे तुकडे वाचले नाहीत, तेही एका खोक्यात भरून, नावं घालून, गाडीसोबत पुढच्या मालकाकडे जाऊ द्या. नमस्कार.